तिशीत तोतरेपणाची थेरपी घेऊन मेंदूत खरंच काही बदलतं का?

इंदूरहून तुम्ही विचारलंय: वय ३१, घरी मराठीत कमी अडखळतं, रिक्षावाल्याला ‘पलासिया’ म्हणताना मात्र ‘प’वरच ओठ चिकटतात.

हो, बदलतं. अडखळणाऱ्या प्रौढांच्या एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारी तपासणी) बोलताना उजव्या कपाळामागचा भाग जास्त पेटलेला दिसतो, डाव्या बाजूचा श्रवणाचा भाग मंद. उजवीकडची ही धावपळ निदान अंशतः डावीकडची उणीव भरून काढण्यासाठी असावी. बोलण्याची लय नव्याने घडवणाऱ्या सघन थेरपीनंतर डाव्या बाजूचं काम वाढलेलं आढळलं आहे. अडखळण्याचा मूळ कल मात्र सहसा पुसला जात नाही, म्हणून सराव सोडला की अडखळणं परतू शकतं.

‘प’साठी: आधी थोडा श्वास सोडायला सुरुवात करा, ओठ पिसासारखे हलके टेकवा आणि लगेच पुढचा ‘अ’ लांबवा, ‘पऽऽलासिया’. ओठ दाबून जोर लावलात तर हवा कोंडते, अडखळणं वाढतं. आरशासमोर जमलं की फोनवर, मग थेट रिक्षास्टँडवर. आणि हिंदीतही करा! फक्त मराठीत घोटलेलं बाजारात आपोआप उतरेलच असं नाही. स्पीच थेरपिस्ट निवडताना बाहेरच्या सरावाची आणि नंतरच्या फेरतपासणीची सोय आहे का, हे जरूर विचारा.