क्रियापद गिळू नकोस

काल तालमीनंतर तू विंगेत बसून विचारलंस, "एक सर म्हणतात आधी आतून वाटू दे, दुसरे म्हणतात वाटण्यावर भिस्त ठेवू नकोस. मी करू काय?" मी गप्प राहिलो. खरं सांगू? तुझं "करू काय" मला नीट ऐकूच आलं नव्हतं, आणि मी हातभर अंतरावर होतो.

हा वाद जुना आहे. मोठा नट डोकं थंड ठेवतो, असं फ्रेंच लेखक दिदरो १७७०च्या दशकात मांडत होता. आतल्या सत्याच्या मागे जन्मभर लागलेला रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीसुद्धा १९१८ पासून मॉस्कोच्या बोल्शॉय ऑपेराच्या गायकांबरोबर काम करत होता. दोघांनाही वाच, सावकाश. आधी क्रियापद गिळणं थांबव.

आपली भाषा अर्थ शेवटी उघडते. "मी त्याला घराबाहेर काढलं" आणि "मी त्याला घराबाहेर काढलं नाही". सगळं नाटक शेवटच्या दोन अक्षरांत. आणि नेमका तिथेच तुझा श्वास संपतो, पट्टी उतरते. डोळे भरलेले असतात गं, पण शेवटच्या रांगेला कळत नाही की तू काढलंस की नाही. रिकाम्या सभागृहात सगळं पोचतंय असं वाटेल, त्यावर विसंबू नकोस. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. भरल्या प्रयोगात आधी बुडतात ती वाक्यांची शेपटं.

उपाय कंटाळवाणा आहे. संहितेतलं प्रत्येक क्रियापद अधोरेखित कर. श्वास वाक्याआधी घे, खांदे न उचलता, बरगड्या फुलू देत. मग वाक्य मागून बांध: आधी शेवटचा शब्द, मग शेवटचे दोन, मग तीन. ओरडू नकोस; ओरडलं की पहिला शब्द फुगतो, शेवटचा होता तिथेच राहतो. हलकं बोललीस तरी चालेल, व्यंजनं सोडू नकोस. हशा आला तर तो उतरू लागेपर्यंत थांब.

आंगिक (देहाचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (भावाचा) या अभिनयांचं काय, म्हणशील. आहेतच की. पण ज्या नाट्यशास्त्रात वाचिक धरून हे चार अभिनय सांगितलेत, तिथेच वाणीला नाट्याचं शरीर म्हटलंय.

माझ्या तिसऱ्या नाटकात "सही मी केली नाही" म्हणताना मला दर प्रयोगाला खरं रडू यायचं. त्या रडण्याचा केवढा तोरा होता मला! एकदा प्रयोगानंतर एक वयस्कर बाई आत येऊन म्हणाल्या, "छान रडलात हो. पण सही केली होतीत, तर एवढा आकांत कशाला?" मी हसण्यावारी नेलं, खापर सभागृहावर फोडलं आणि पुढचे चौदा प्रयोग तसाच रडत राहिलो. नाटक नव्या संचात आलं तेव्हा ती भूमिका दुसऱ्याकडे गेली.

म्हणून मी अजूनही कॉलर माईक लावत नाही. हेकट म्हणतात मला. म्हणू देत. घशातच राहिलेलं क्रियापद माईक कुठून मोठं करणार? या हट्टापायी दोन नाटकं गेली. (त्यातलं एक मला मनापासून करायचं होतं.)

उद्या मी शेवटच्या रांगेत बसेन, रंगमंचाकडे पाठ करून. क्रियापद आलं नाही की हात वर करेन, रागावू नकोस. तिसऱ्या प्रवेशातलं "मी येणार नाही" तेवढं आज रात्री मागून बांधून ये.