अंड्याला भोक पडलंय, पण पिल्लू बाहेर येत नाही. कवच सोलून मदत करावी का?

नाही. अंड्याला हात लावू नका आणि इन्क्युबेटरचं (अंडी उबवायच्या मशीनचं) झाकणही उघडू नका. टोच मारल्यापासून कोंबडीचं पिल्लू बाहेर यायला साधारण १२ ते २४ तास लागतात. तुम्ही लिहिलंय की २१ व्या दिवशी सकाळी भोक दिसलं आणि आता दुपार झालीय. म्हणजे अजून काहीच बिघडलेलं नाही.

इतक्या ठामपणे सांगतेय, कारण माझ्या पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं. १२ अंडी ठेवली होती. ७ व्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहिली, तेव्हा ३ कोरी निघाली. उरलेल्या ९ मध्ये लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा काळा ठिपका. १८ व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं, हवा दमट राहावी म्हणून मशीनमधलं पाणी वाढवलं. २० व्या दिवशी संध्याकाळी पहिल्या अंड्याचा टवका उडाला आणि आतून चिवचिव ऐकू आली. मी आनंदाने थोरल्या भावाला हाक मारली.

दादाने पाचेक तास कळ काढली. मग म्हणाला, "दमलंय ते, गुदमरून मरेल." मी नको नको म्हणत असताना त्याने झाकण उघडलं, अंडं तळहातावर घेतलं आणि नखाने कवच सोलायला सुरुवात केली. तिसरा तुकडा निघाला आणि पांढऱ्या पापुद्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा थेंब आला. बघता बघता त्याची रेघ झाली. अर्ध्या तासात चिवचिव थांबली. तोवर "बाकीची तरी बघू" म्हणत झाकण आणखी तीनदा उघडून झालं होतं. काचेवर साचलेलं बाष्प पार उडून गेलं. राहिलेल्या ८ पैकी ३ पिल्लं बाहेर आली. ५ टोच मारून तशीच आत अडकून मेली.

पिल्लू भोक पाडून स्वस्थ बसतं तेव्हा ते दमलेलं नसतं. त्या वेळात ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला शिकत असतं, पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं. हे सगळं उरकलं की ते आतल्या आत गोल फिरत कवच कापत जातं. शिरांत रक्त असताना तुम्ही पापुद्रा फाडला तर ते रक्त बाहेर जाणारच.

दादा आजही म्हणतो, "तुझ्या मशीनचं तापमानच चुकलं होतं." मी २३ व्या दिवशी ती पाचही अंडी फोडून पाहिली. पिल्लं पूर्ण वाढलेली, बलक पोटात गेलेला, आणि पापुद्रा वाळून चोचीला, पंखांना घट्ट चिकटलेला. तापमान कमी पडलं असतं तर सगळंच लांबलं असतं. इथे पिल्लं वेळेवर तयार होती, त्यांना कोरड्या हवेने मारलं. आणि हवा कोरडी झाली ती झाकण उघडल्यामुळे.

दुसऱ्या खेपेला मी १८ व्या दिवशी झाकणावर चिकटपट्टी लावली आणि घरात तारीखच सांगितली नाही. ११ जिवंत अंड्यांतून ९ पिल्लं निघाली. पहिलं बाहेर आल्यावर शेवटच्याची वाट पाहत दीड दिवस झाकण बंद होतं. पोटातल्या बलकावर पिल्लं दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय राहतात, त्यामुळे जन्मलेल्यांना बाहेर काढायची घाई करू नका.

आर्द्रतेचं विचारलंय: पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के, मग ६५ ते ७०. बदकाची अंडी सोबत ठेवू नका, त्यांना २८ दिवस लागतात. कोणतं इन्क्युबेटर घ्यावं यावर मी काही सांगणार नाही; पंखा असलेलं घ्या, तापमान ३७.५ अंशांवर ठेवा, एवढं पुरे.

हो, एक सांगायचं राहिलं. माझा थर्मामीटर अर्धा अंश कमी दाखवत होता, हे नंतर कळलं. म्हणजे आत उष्णता थोडी जास्त होती. तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर होतं. तुम्हीही ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहा, शून्य दाखवायला हवं.

मदत कधीच करू नये असंही नाही. भोक पडून २४ तास उलटले, कापणं पुढे सरकत नाही आणि पापुद्रा पिवळट, चामड्यासारखा दिसतोय, तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने तो ओला करा आणि भोकाच्या कडेचं कवच थोडंसं काढा. लाल काही दिसलं की तिथेच थांबा आणि अंडं परत ठेवा.

पण तुमच्याकडे अजून ती वेळ आलेली नाही. टवका किती वाजता दिसला ते कागदावर लिहून मशीनवर चिकटवा. घरात कुणी "उघडून बघू" म्हणालं तर त्यांना आधी त्या पाच अंड्यांबद्दल वाचायला द्या.