फ्रेंच स्टॉक आधी की जपानी दाशी?

फ्रेंच आणि जपानी स्वयंपाकाची सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते पाककृतींच्या मागे न लागता दोन्हीकडच्या पदार्थांचा पाया असलेले चवीचे पाणी, म्हणजे फ्रेंच स्टॉक आणि जपानी दाशी, आधी हातात बसवावे. एस्कोफिए या विख्यात फ्रेंच शेफच्या परंपरेतला आचारी वासराची हाडे थंड पाण्यात चढवतो, ६ ते ८ तास मंद आचेवर ठेवून फेस काढत राहतो आणि मीठ मुळीच घालत नाही, कारण हाच स्टॉक पुढे सॉससाठी आटवायचा असतो आणि आटताना खारटपणा वाढतो. दाशी तासाभरात होते, पण ती डोळ्यात तेल घालून करावी लागते. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेले समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजवून हळूहळू तापवावे, तळाशी बारीक बुडबुडे दिसताच कोंबू काढून घ्यावे, पाण्याला उकळी आल्यावर आच बंद करावी आणि कात्सुओबुशी, म्हणजे कुप्याच्या कुळातील सुकवलेल्या माशाचा कीस, घालावा. दोन मिनिटांत गाळावे, पिळू मात्र नये; मी पहिल्यांदा लोभाने फडके पिळले आणि सगळी दाशी गढूळ, कडवट झाली. आठवडाभर रोज दाशी करा. स्टॉक रविवारी केला तरी पुरे.