श्लोक कापू की ठेवू? एकपात्री प्रयोगाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पतीच्या निधनानंतर एक निवृत्त संस्कृत शिक्षिका भवभूतीचं ‘उत्तररामचरित’ हे संस्कृत नाटक पुन्हा वाचायला घेते आणि त्यातून सावरते, असं दीड तासाचं एकपात्री मी लिहिलं आहे. त्यात 22 श्लोक आहेत. तालमीला आलेले म्हणतात, श्लोक सुरू झाला की लक्ष सुटतं. सगळे काढून टाकू का?
— एक वाचक, धंतोली

उत्तर : काढू नका, कमी करा. मोठ्या वृत्तातला श्लोक शांतपणे म्हणायला जवळपास अर्धा मिनिट लागतो. त्यापाठोपाठ तेवढाच वेळ अर्थ सांगितलात, तर 22 श्लोकांना वीस-बावीस मिनिटं जातात. दीड तासातली एवढी मिनिटं रंगमंचाचा वर्ग होतो आणि प्रेक्षक विद्यार्थी. सहा-सात श्लोक ठेवा आणि एकूण प्रयोग 65 ते 70 मिनिटांत बसवा. मध्यंतर नसलेल्या एकपात्रीला एवढी लांबी पुरे.

पण खरी अडचण संख्येपेक्षा क्रमाची आहे. आधी श्लोक आणि मग अर्थ, असं केलं की श्लोक चालू असताना प्रेक्षक नुसता वाट पाहत बसतो. क्रम उलटा करा. अर्थ आधीच्या गद्यात, तोही प्रसंग म्हणून येऊ द्या. श्लोक आला की त्यानंतर एक शब्दही समजावू नका.

तिसऱ्या अंकातला ‘पूरोत्पीडे तटाकस्य परीवाहः प्रतिक्रिया’ हा श्लोक घ्या. तळं तुडुंब भरलं की पाणी वाहून जाऊ देणं हाच उपाय, आणि शोक अनावर झाला की हृदय विलापानंच तग धरतं, असं भवभूती म्हणतो. तुमची शिक्षिका नागपूरची आहे, तर तिला पावसाळ्यात अंबाझरी तलावाच्या सांडव्यावर उभी करा. भिंतीपलीकडे कोसळणारं पाणी ती आपल्याच शब्दांत सांगेल, थांबेल, आणि मग श्लोक म्हणेल. सभागृहातल्या कुणालाही अर्थ विचारावा लागणार नाही. एक काळजी मात्र घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये याच तलावाचं पाणी शहरात शिरलं होतं आणि ज्यांच्या घरात ते आलं ते प्रेक्षकांत असू शकतात. त्यामुळे पाण्याचं वर्णन नुसतं रम्य नको.

आणखी एक. हा श्लोक राम म्हणत नाही. रामाला रडताना पाहून कासावीस झालेल्या सीतेला तमसा नदी तो सांगते. शोक करणारा वेगळा आणि ‘रडू दे त्याला’ म्हणणारा वेगळा. दिलासा या अंतरातून येतो. तुमच्या शिक्षिकेनंही हा श्लोक स्वतःचं दुःख म्हणून म्हणू नये, तमसा होऊन दुसऱ्या कुणाला तरी सांगावा. सांगता सांगता तो तिलाच लागू पडतो हे प्रेक्षकाला कळेल, तिनं दाखवायची गरज नाही.

प्रश्न : ‘उत्तररामचरिता’तली राम, सीता, सीतेची मैत्रीण वासंती, तमसा ही सगळी पात्रं एकटीनं कशी उभी करू? आवाज बदलले तर लोक हसतात.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आवाज बदलू नका, नजर बदला. आपल्याकडे एकाच नटानं करायचा ‘भाण’ हा संस्कृत नाट्यप्रकार जुना आहे. त्यात समोर कुणी नसताना नट ‘किं ब्रवीषि?’ म्हणजे ‘काय म्हणतोस?’ असं विचारतो आणि न दिसणाऱ्या माणसाचं बोलणं स्वतःच उच्चारून त्याला उत्तर देतो. हीच रीत इथे वापरा. प्रत्येक पात्रासाठी सभागृहात एक ठिकाण ठरवा : वासंती मधल्या रेषेच्या डावीकडे साधारण 30 अंशांवर, राम तेवढाच उजवीकडे, तमसा थोडी वर. प्रयोगभर त्यांत बदल नको. फरक बोलण्याच्या लयीत ठेवा. राम अडखळत बोलेल, वासंती टोचून.

सीतेसाठी जागा ठरवूच नका. तिसऱ्या अंकात गंगेच्या वरामुळे ती रामाला दिसत नाही, फक्त तिचा स्पर्श त्याला शुद्धीवर आणतो. मोकळी सोडलेली जागा इथे कोणत्याही अभिनयापेक्षा जास्त काम करते.

नजर बदलायची तर माईक कॉलरला लावू नका. मान वळली की तोंड माईकपासून दूर जातं आणि प्रत्येक वाक्याचा आवाज खालीवर होतो. गालावर बसणारा हेडसेट माईक घ्या. ऐंशी-शंभर माणसांच्या खोलीत तर माईकच नको.

प्रश्न : श्लोक म्हणताना मला खरंच रडू येतं आणि शब्द फुटत नाहीत.
— एक वाचक, गोंदिया

उत्तर : रडताना गळा आवळतो, नाक चोंदतं आणि जोडाक्षरं आधी विरघळतात. संस्कृतात जोडाक्षरं गेली की उरतं काय? श्लोकाआधी श्वास पूर्ण सोडा, मग पोटापर्यंत घ्या. यती, म्हणजे चरणातले ठरलेले विराम, पाळा, कारण श्वासाच्या जागा कवीनंच दिलेल्या आहेत. शार्दूलविक्रीडित वृत्तात बाराव्या अक्षरानंतर, शिखरिणीत सहाव्यानंतर, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्यानंतर. ‘शाकुंतला’तल्या ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं’ इथे थांबून पाहा. कण्वाचा दाटलेला गळा तो विरामच ऐकवतो, तुम्हाला गळा दाटवावा लागत नाही. पंधरा दिवस वृत्ताचा ठेका हातावर धरून, भाव न घालता पाठ म्हणा. तुम्ही तर भवभूतीच्या शेजारचे. त्याचं पद्मपूर आमगावजवळचं मानलं जातं.

प्रश्न : नागपुरात पहिला प्रयोग कुठे आणि कधी करावा?
— एक वाचक, महाल

उत्तर : रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे 2000 आसनांचं आहे, पहिल्या प्रयोगाला ते नको. शंभरेक माणसांची जागा शोधा. एप्रिल ते जून टाळा : कूलर चालू ठेवला तर हलका आवाज त्याच्या घरघरीत बुडतो, बंद केला तर अर्ध्या तासात लोक वारा घालू लागतात. हिवाळा उत्तम, पण लग्नाच्या तिथी पंचांगात पाहून घ्या. शेजारी लॉन असेल तर डीजेपुढे भवभूतीचं काही चालणार नाही.

प्रश्न : एकपात्रीलाही परवानगी लागते का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : हो. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मूळ संस्कृत नाटकावर कुणाचा हक्क नाही, मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. अनुवादातल्या ओळी घेणार असाल तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. ती हाती येईपर्यंत तालमी स्वतः लिहिलेल्या गद्यावर करा.