दीपवृक्षापासून सुरुवात करा

बायबलमधल्या निवासमंडपातल्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या फिरत्या मंदिरातल्या, वस्तूंचे अर्थ शोधताना तुम्ही एकदम कराराच्या कोशाकडे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या सोन्याने मढवलेल्या पेटीकडे, वळलात, पण माझं ऐकाल तर आधी दीपवृक्षापाशी, म्हणजे मेनोरापाशी थांबा. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा २५वा अध्याय सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचा. सात दिव्यांचा हा दीपवृक्ष जोडकामाचा नाही. शुद्ध सोन्याच्या एकाच गोळ्यातून ठोकून घडवायचा आहे. त्याच्या फांद्यांवर वाट्या, कळ्या, पाकळ्या आहेत, आणि त्या बदामाच्या फुलाच्या घाटाच्या. बदामच का? त्या प्रदेशात हिवाळा सरता सरता सगळ्यात आधी तोच फुलतो. हिब्रूत बदाम म्हणजे ‘शाकेद’ आणि जागा राहणारा तो ‘शोकेद’. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात याच शब्दांवर श्लेष आहे. मला तरी तेव्हापासून हा दिवा म्हणजे रात्रभर जागं असलेलं झाड वाटतो.

बारा भाकरींचं मेज सोपं आहे. इस्राएलचे बारा वंश म्हणून बारा भाकरी, आणि दर शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, ताज्या. आधीच्या भाकरी याजकांनी, म्हणजे पुरोहितांनी, खायच्या.

कोशाचं सोनं मात्र डोळे दिपवतं, म्हणून सांभाळून. देव बोलतो तो कोशाच्या झाकणावरच्या दोन करूबांच्या, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय आकृतींच्या, मधल्या मोकळ्या जागेतून. तिथे देवाची मूर्ती नाही. पुढे यरुशलेममध्ये उभ्या राहिलेल्या दुसऱ्या मंदिराच्या परमपवित्रस्थानात, म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीत, तर कोशही नव्हता, तरी महायाजक वर्षातून एकदा, योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, आत जातच असे.

आणि प्रत्येक वस्तूला एकच ठरलेला अर्थ चिकटवणाऱ्या तक्त्यांच्या नादी एवढ्यात लागू नका. त्यापेक्षा रोममधल्या सम्राट टायटसच्या कमानीवर यरुशलेमच्या मंदिराच्या इ.स. ७०च्या लुटीतला दीपवृक्ष कोरलेला आहे, त्याचं छायाचित्र समोर ठेवा.