तिघांच्या टीमवाल्या फायटिंग गेममध्ये क्रम कसा लावावा? आणि थ्रो मारून जिंकणं चीटिंग असतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 'किंग ऑफ फायटर्स 15' नुकताच घेतलाय, स्पर्धेत उतरायचा विचार आहे, आणि क्लार्क या गड्यानं उचलून आपटून, म्हणजे थ्रो मारून, जिंकलं की हॉस्टेलची पोरं 'चीटिंग, चीटिंग' म्हणून ओरडतात. क्रमाचं सांगतोच. पण दुसरा प्रश्न वाचला आणि हातातला चहा बाजूला ठेवला.

थ्रो मारणं चीटिंग नाही. कधीच नव्हतं. 1999 च्या दिवाळीतही नव्हतं.

मी सांगलीचा. एसटी स्टँडच्या मागं एक पार्लर होतं, नाव मुद्दाम देत नाही. प्लायवूडच्या पाच पेट्या, वर एक ट्यूबलाइट, ती पण लुकलुकणारी. एका पेटीत मुस्तफा नावाच्या गड्याचा मारामारीचा गेम, एकीत विमानं, आणि कोपऱ्यात जिच्याभोवती कायम गर्दी ती 97 ची पेटी. 'किंग ऑफ फायटर्स' असं पूर्ण नाव कुणी घ्यायचं नाही. 'नाइंटीसेव्हन खेळायला येतोस का', बस्स. एका रुपयाला एक कॉइन. हरणारा उठणार, जिंकणारा उभाच. त्यामुळं एका रुपयात तासभर काढणारी पोरं होती आणि दहा मिनिटांत दहा रुपये घालवून घरी मार खाणारीही होती. मी बराच काळ दुसऱ्या गटात होतो.

त्या पार्लरमध्ये टीम निवडताना सगळे इयोरी हा गडी घ्यायचे. पहिला इयोरी, दुसरा क्यो, तिसरा कुणीही. तिसऱ्याचा विचारच नाही. तिघांत आधी कोण लढणार, मग कोण, हा क्रम लावायचा स्क्रीन यायचा तेव्हा पोरं नुसती बटणं बडवायची. मी गोरो घ्यायचो. जपान टीममधला तो लाकडी खडावा घातलेला आडदांड ज्युदोवाला. हळू चालतो, उडी जड, लांबून फेकायला काही नाही. पण जवळ गेला की संपलं. शिवाय जमिनीवर हात आपटून हादरा देतो, आणि समोरचा उभा असला की ब्लॉक धरूनही खाली पडतो. उडी मारली की त्या हादऱ्याचं काही चालत नाही. पण उडी मारायची हे सुचायला लागतं ना!

दिवाळीच्या सुट्टीत पार्लरवाल्या अण्णांनी स्पर्धा ठेवली. 16 पोरं, दहा रुपये प्रवेश, पहिलं बक्षीस 101 रुपये आणि वीस कॉइन. भिंतीवर खडूनं नियम: शिव्या देऊ नयेत, काचेवर हात मारू नये, उधारी बंद. थ्रोबद्दल एक अक्षर नाही. हे मी आजही कुणापुढंही सांगायला तयार आहे.

फायनलला मी आणि माझा आतेभाऊ. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, त्या वेळी अकरावीत, आणि पार्लरचा राजा. त्याच्या इयोरीनं माझा टेरी खाल्ला, मग बेनिमारू खाल्ला. मागं उभी असलेली पोरं हसायला लागली. राहिला एकटा गोरो, समोर तिघं.

इयोरी तसा अर्धामुर्धाच उरला होता. तो पुढं धावत आला की मी हादरा देत होतो, दोनदा पडला आणि मग पडूनच राहिला. क्योला दोन थ्रो आणि एक लाथ पुरली. तिसरी अथेना. ती लांबून गोळे फेकणार आणि मी हत्तीसारखा त्यावरून उड्या मारत जवळ सरकणार. वरचा वेळेचा आकडा 60 वरून उतरत 11 वर आला होता. दोघांच्या पट्ट्या लाल. तिला मी कोपऱ्यात घेतली. आतेभावानं ए आणि बी ही बटणं एकत्र दाबून लोळण घेतली, माझ्या पायांखालून पलीकडं जायला. आता हे ज्यांना कळतं त्यांना कळतं: लोळताना ठोसा लागत नाही, पण माणूस धरता येतो. मी वळलो आणि ती उठायच्या आत धरली. आपटली. के.ओ.

एकट्यानं तिघांना. हल्लीची पोरं याला ओसीव्ही म्हणतात, म्हणजे 'वन कॅरेक्टर व्हिक्टरी'. आम्ही त्या वेळी काहीच म्हणत नव्हतो, कारण आमच्यात ते कुणी केलंच नव्हतं.

आणि अण्णा म्हणाले, "थ्रो धरायचा नाही. परत खेळा."

सांगलीत! हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यात! अण्णा स्वतः तालमीत जाऊन आलेला माणूस, कान मोडलेले, आणि ते म्हणतात उचलून आपटणं म्हणजे चीटिंग. कुस्तीच्या फडात धोबीपछाड मारल्यावर कुणी 'परत धरा' म्हणतं का? उलट फेटे उडतात. मी हे बोललो असतो तर बरं झालं असतं, पण दहावीतलं पोरगं, तोंडातून शब्द फुटला नाही. परत खेळलो, थ्रो न मारता. गोरोला थ्रो मारू नको म्हणणं म्हणजे पैलवानाला हात बांधून मातीत सोडणं. पहिल्याच दोघांत आटोपला. आतेभावानं 101 रुपये खिशात घातले आणि मला भडंगाचा पुडा दिला. तो मी खाल्ला, याचा आजही राग येतो.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, वास्तुशांतीला आतेभाऊ माझी ओळख करून देतो: "हा आमचा थ्रो मारणारा." पंचवीस वर्षं झाली.

असो. तुमचा क्रमाचा प्रश्न. या गेममध्ये जिंकलेला गडी पुढच्यासाठी उभाच राहतो, थोडी ताकद परत मिळते तेवढीच. आणि पॉवरची पट्टी टीमची असते, गडी पडला तरी ती पुढच्याकडं जाते. 'किंग ऑफ फायटर्स 98' च्या ॲडव्हान्स्ड मोडमध्ये पहिल्याला 3 स्टॉक, म्हणजे भरलेल्या पॉवरच्या पट्ट्या, साठवता येतात, दुसऱ्याला 4, तिसऱ्याला 5, आणि 15 मध्येही हिशेब तसाच आहे. म्हणून पहिला असा घ्या जो पॉवर न खर्च करता मारामारी करतो आणि मागच्यांसाठी साठवून जातो. तिसरा असा, जो साठलेलं सगळं एका झटक्यात उडवून सामना फिरवू शकतो. दुसऱ्या जागेवर तुमचा सगळ्यात भरवशाचा, साधा गडी. सगळ्यात आवडता म्हणून पहिला टाकू नका, तिथंच सगळे चुकतात. आतेभाऊ पण तिथंच चुकला होता. इयोरी तिसरा ठेवला असता तर कदाचित मी हरलो असतो, थ्रोसकट. हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

क्लार्क सोडू नका. अर्धा गोल फिरवून लाथेचं बटण, हा त्याचा डाव ब्लॉक धरणाऱ्यांसाठीच बनवलाय. गेमचा सगळा तोल त्याच्यावर उभा आहे: ठोशाला ब्लॉक अडवतो, ब्लॉकला थ्रो फोडतो, थ्रोला उडी चुकवते, उडीला खालून ठोसा. यातला थ्रो काढून टाका, मग समोरचा कोपऱ्यात बसून राहील आणि तुम्ही काय आरती करणार? बनवणाऱ्या एसएनकेनं 1994 च्या पहिल्या भागापासून थ्रो ठेवलाय, तो चुकून राहिलेला नाही.

मोठ्या स्पर्धांत नियम आधी सांगतात आणि नंतर बदलत नाहीत. बंदी असतेच, नाही असं नाही. 97 मध्ये कोड टाकून मिळणारे ओरोची इयोरी आणि ओरोची लिओना सहसा बाद असतात, कारण ते बेहिशेबी ताकदवान आहेत. पण थ्रोवर बंदी? लास वेगासच्या इव्होमध्ये, म्हणजे फायटिंग गेमच्या मोठ्या जागतिक स्पर्धेत, 2012 ला तेराव्या भागाची फायनल झाली, कोरियाचा मॅडकॉफ आणि मेक्सिकोचा बाला. सगळा हॉल मेक्सिकोच्या बाजूनं ओरडत होता. जिंकला कोरियावाला. कुणी पेटी बंद करून 'परत खेळा' म्हटलं नाही. 2014 ला तिथंच चीनचा शाओहाय जिंकला. त्याच्या टोपणनावाचा अर्थच 'लहान पोर', कारण आर्केडमध्ये मोठ्यांना हरवत तो वाढला. तिथल्या मोठ्यांनी त्या पोराला काय ऐकवलं असेल कोण जाणे, पण त्यानं खेळ सोडला नाही. आपल्याकडं अण्णांसारख्यांनी किती पोरं पहिल्याच वर्षी घरी पाठवली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्याकडं या गेमची जत्रा भरली पण तालीम उभी राहिली नाही, त्याला पार्लरवाल्यांचे मनाचे नियम जबाबदार आहेत. पार्लरं बंद पडली हेही कारण असेल, पण ते नंतरचं.

सरावाचं म्हणाल तर 15 मध्ये रोलबॅक आहे, म्हणजे नेटचा उशीर झाकणारी सोय, त्यामुळं ऑनलाइन खेळणं सुसह्य झालंय. जुने आर्केड गेम ऑनलाइन खेळवणाऱ्या फाइटकेडवर जुना 98 पण खेळता येतो. मात्र परदेशातल्या माणसाबरोबर पिंग, म्हणजे नेटचा उशीर, जास्त असेल तर लोळण बघून थ्रो मारणं जमत नाही, अंदाजानं मारावा लागतो. पार्लरसारखी दांडीची स्टिक घ्या म्हणून लोक मागं लागतील. पॅडवर जमतंय तर पॅडवरच खेळा, बोटं काय सांगतात ते बघा. आणि हॉस्टेलच्या पोरांना साधा थ्रो सोडवायला शिकवा: समोरच्यानं धरलं की लगेच सी (जोरदार ठोसा) किंवा डी (जोरदार लाथ) दाबायचं. सुटता यायला लागलं की ओरडणं आपोआप बंद होईल. आमच्या पार्लरमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर आतेभाऊ इथं येऊन लिहील. त्या पेटीला दोन नंबरच्या बाजूचं डी बटण अडकायचं. दाबलं की खालीच राहायचं, नखानं उचलायला लागायचं. मला ते माहीत होतं आणि फायनलला मी पळत जाऊन एक नंबरला उभा राहिलो होतो. पण गोरोचा तो शेवटचा डाव बटण दाबून सुटत नाही, बटण चांगलं असतं तरी अथेना आपटलीच असती. बटण वेगळं आणि थ्रो वेगळा.