'अ‍ॅटमॉस चालेल' म्हणून विकलेला प्रोसेसर घरी फक्त डॉल्बी डिजिटल वाजवतो: पैसे परत मिळतील का?

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून एव्ही प्रोसेसर (डिस्कवरचा आवाज उलगडून प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा करणारं यंत्र) आणि सात चॅनेलचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घेतला. प्रोसेसरचे १,६०,००० आणि अ‍ॅम्प्लिफायरचे १,२५,००० रुपये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोटेशनमध्ये 'ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, अ‍ॅटमॉस सपोर्टेड' असं होतं. म्हणजे पूर्ण दर्जाचा आवाज, आणि अ‍ॅटमॉसमुळे छताकडूनही येणारा आवाज मिळायला हवा. ब्लू-रे डिस्क लावली की डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल', म्हणजे जुना, दाबलेला आवाज, एवढंच येतं. पहिल्याच आठवड्यात कळवलं, तेव्हा 'अपडेट येईल' असं सांगितलं. आता कंपनीचा ईमेल आला आहे की हे मॉडेल हे फॉरमॅट डीकोड करतच नाही, म्हणजे वाचतच नाही. दुकानदार बिलावरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ दाखवतो. बिल माझ्या फर्मच्या नावावर आहे. काय करावं?
– एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर: आपली बाजू भक्कम आहे, पण ती नेमकी कशावर उभी आहे ते आधी पक्कं समजून घ्या. प्रोसेसर नवा फॉरमॅट वाचत नाही, एवढ्यानं तो सदोष ठरत नाही. घरगुती अ‍ॅटमॉस २०१४ मध्ये आलं आणि त्याच्यासारखंच डीटीएस:एक्स २०१५ मध्ये. त्याआधीच्या आराखड्याचं यंत्र ते वाचणार नाही, आणि तसं कुणी सांगितलंही नसेल तर दावा होत नाही. आपल्या प्रकरणात विक्रेत्यानं लेखी सांगितलं, आणि ते खोटं निघालं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मधल्या 'दोषा'च्या व्याख्येत विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याप्रमाणे माल नसणं हेही येतं. कलम २(४७) नुसार मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. म्हणून ते कोटेशन हा आपला सगळ्यात मोलाचा कागद आहे.

नोटीस पाठवण्याआधी मात्र एक तपासणी करा. अशा प्रकरणांत समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो की यंत्र ठीक आहे, जोडणी चुकली. कधीकधी ते खरंही असतं. प्लेयरची एचडीएमआय केबल टीव्हीतून न फिरवता थेट प्रोसेसरला लावा. टीव्हीतून साध्या एआरसीनं (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून प्रोसेसरकडे नेणारी सोय) ट्रूएचडी येत नाही, त्यासाठी दोन्हीकडे ईएआरसी, म्हणजे तिची सुधारित आवृत्ती, लागतं. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल केबलनं तर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी जातच नाहीत. प्लेयरच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट 'बिटस्ट्रीम' (न उलगडलेला मूळ प्रवाह) ठेवा आणि 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' बंद करा. हे मिक्सिंग चालू राहिलं तर उत्तम प्रोसेसरवरही डॉल्बी डिजिटलच दिसतं, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. ज्या डिस्कच्या वेष्टनावर ट्रूएचडी छापलेलं आहे तीच लावा. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर तपासू नका: तिथलं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, आणि ती निराळी चाचणी झाली.

एवढं करूनही 'डॉल्बी डिजिटल'च आलं तर त्याचं कारण सरळ आहे. ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीसोबत जुन्या यंत्रांसाठी डॉल्बी डिजिटलचा साधा प्रवाह दिलेला असतो, आणि डीटीएस-एचडीच्या पोटात साधं डीटीएस असतं. यंत्राला वरचं वाचता आलं नाही की ते खालचं वाजवतं. आवाज येत राहतो, म्हणून दुकानदार 'चालतंय की' म्हणू शकतो. मग प्लेयर 'पीसीएम'वर (यात आवाज प्लेयरच उलगडून पाठवतो) टाकून पाहा. प्रोसेसरनं मल्टीचॅनेल पीसीएम घेतलं तर ट्रूएचडीचा पूर्ण दर्जाचा आवाज मिळेल, पण अ‍ॅटमॉसची माहिती प्लेयरमध्येच गळून जाते आणि छताकडचे स्पीकर मुके राहतात. हे तक्रारीत स्वतःहून लिहा. लपवलं आणि नंतर समोरच्यानं दाखवलं, तर आपल्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास कमी होतो.

ही तपासणी एकाच सलग व्हिडिओत घ्या: आधी मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर, मग केबल, प्लेयरचं सेटिंग, डिस्कचं वेष्टन आणि शेवटी डिस्प्ले. खोक्यावरच्या पट्टीचाही फोटो काढा. पॅकबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे, आणि जुना स्टॉक 'नवा' म्हणून विकला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

आता 'अपडेट'बद्दल. हे आश्वासन अगदीच अशक्य कोटीतलं नाही. २०१५ च्या सुमाराच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये डीटीएस:एक्स फर्मवेअरनंच (यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटनं) आलं. पण आतल्या चिपमध्ये तेवढी क्षमता आणि त्याचा परवाना असावा लागतो. म्हणून कंपनीला एकच प्रश्न पाठवा: या सीरियल नंबरच्या यंत्रासाठी असं अपडेट येणार आहे का? 'नाही' असं उत्तर आलं की दुकानदाराचा बचाव संपतो. कंपनीच्या स्वतःच्या पत्रकात हे फॉरमॅट लिहिलेले नसतील तर तिला आरोपी करू नका. तिचा ईमेल हा आपला पुरावा आहे. तिला औपचारिक पक्षकार (नावापुरती, तिच्याकडून काही न मागता) ठेवा आणि दाद विक्रेत्याकडून मागा.

बिल फर्मच्या नावावर आहे, ही आपली खरी अडचण. व्यापारी प्रयोजनासाठी माल घेणारा कलम २(७) नुसार ग्राहक नाही, आणि पहिला आक्षेप इथूनच येईल. आपण फर्मच्या जीएसटी विवरणात या खरेदीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं आहे का? घेतलं असेल तर तक्रारीआधी सीएकडून ते व्याजासह उलटवून घ्या, कारण खाजगी वापराच्या वस्तूवर ते मिळतच नाही. उलटवलं तरी उलटतपासणीत प्रश्न येईल, तेव्हा उत्तर तयार ठेवा. सोबत यंत्र घरी पोहोचवल्याचं डिलिव्हरी चलन, बसवणाऱ्याची पावती आणि ते घरातच वापरात असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. पैसे खाजगी खात्यातून गेले असतील तर त्याचं स्टेटमेंट फार उपयोगी पडेल.

'माल परत घेणार नाही' या छापील ओळीनं घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीच कलम २(४७) नुसार अनुचित प्रथा आहे. आपण पहिल्या आठवड्यात कळवलं होतं, तो व्हॉट्सअ‍ॅप संवाद जपा. फोन बदलू नका. त्याच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र द्या. बोलणं मराठीत झालं असेल तर हिंदी भाषांतर जोडा, इथल्या आयोगात त्याची गरज पडेल.

नोटीस कायद्यानं सक्तीची नाही, तरी द्याच. पंधरा दिवसांची मुदत, स्पीड पोस्टनं पोचपावतीसह, आणि तीच ईमेलवर. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. कधीकधी प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात कलम ३५ ची तक्रार, ऑनलाइनही करता येते. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असली की प्रकरण जिल्हा आयोगाकडे, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. वकील हवाच असंही नाही. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासून धरा आणि 'अपडेट'ची वाट पाहण्यात ती घालवू नका.

मागणी काय करायची, यावर नीट विचार करा. अ‍ॅटमॉस वाचणारा दुसरा प्रोसेसर मिळाला तरी आपला अ‍ॅम्प्लिफायर सातच चॅनेलचा आहे. त्यात ५.१.२ (भोवती पाच स्पीकर, एक सबवूफर, छताकडे दोन; सबवूफर या सातांत मोजायचा नाही) बसेल, ७.१.४ साठी अकरा चॅनेल लागतील. चार स्पीकर छतात बसवण्याची तयारी दुकानदाराच्या सांगण्यावरून केली असेल तर दोन्ही यंत्रांचे २,८५,००० व्याजासह मागा. तसं नसेल तर प्रोसेसरचे १,६०,००० आणि व्याज, पर्यायी मागणी म्हणून बदली यंत्र. मनस्तापाची रक्कम माफक ठेवा. दहा लाख लिहून तक्रारीचं वजन वाढत नाही.

प्रयोगशाळेत तपासणीचा अर्ज स्वतःहून देऊ नका. कलम ३८ मध्ये तशी सोय आहे, पण ती उघड न दिसणाऱ्या दोषासाठी. तिची फी तक्रारदारानं भरायची, अहवालाला पंचेचाळीस दिवस, आणि निकालाची मुदत तीनऐवजी पाच महिने होते (प्रत्यक्षात याहून जास्त लागतात). कंपनीनं लिहून दिलेली गोष्ट पुन्हा सिद्ध कशाला करायची? आयोगाची सूचना मिळाल्यावर दुकानदाराला जबाबासाठी तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किमान पंचवीस हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मधल्या काळात यंत्र कुणाला उघडू देऊ नका. 'अपडेट करून देतो' म्हणून दुकानदारानं मागितलं तर सीरियल नंबर आणि तक्रार लिहिलेली जॉब शीट हातात आल्याशिवाय देऊ नका. तो कमी किमतीत बदलून द्यायला तयार झाला तर बोलणी जरूर करा, पण नवं मॉडेल कोणते फॉरमॅट डीकोड करतं ते बिलावरच लिहून घ्या. ते आपल्या घरी, आपल्याच डिस्कवर वाजल्याशिवाय 'संपूर्ण आणि अंतिम तडजोड' असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.